एकालाच सोडता येईल

बेकरीच्या दारासमोर रॉस पेडरच्या डाव्या बुटाचा तळ निघाला. निघाला म्हणजे एकदम सुटून पडला नाही. आधी टाचेखाली काहीतरी मऊ लागलं. कुणीतरी फुटपाथवर केक सांडलाय असं वाटून त्याने पाय उचलला आणि मागे वळून पाहिलं, तर कोपऱ्यावरच्या सिग्नलपासून इथपर्यंत तपकिरी भुग्याची एक ओळ आली होती, आणि ती त्याच्याच पायाशी येऊन संपत होती. बूट वरून ठणठणीत होता. काल संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून त्याने चामडं घासलं होतं, नव्या नाड्या ओवल्या होत्या. सात वर्षं खोक्यात पडून तळ मात्र आतल्या आत मरून गेला होता, आणि ते कळायला कुणीतरी त्यावर उभं राहायला हवं होतं. उजव्या बुटाचीही हमी नव्हती. तो लंगडत बाकापर्यंत गेला आणि बसला. बेकरीतला गरम 'पाय', म्हणजे सारण भरलेली पेस्ट्री, खायला लोक बसतात तो हा बाक. शनिवारची सकाळ, फेब्रुवारीतलं स्वच्छ ऊन, आणि अर्ध्या चड्डीवर सैन्याचे मोहिमेचे बूट घातलेला अठ्ठावन्न वर्षांचा माणूस हातात तळाचा तुकडा घेऊन बसलेला. कुणी पाहत नव्हतं. तरी त्याला चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणजे चोरी होती हेही त्याच्या लक्षात आलं. कारण बूट चालून मऊ करायचे ते जायचं ठरल्यावर. आणि त्याने तर अजून काहीच ठरवलेलं नव्हतं. निदान सगळ्यांना त्याने तसंच सांगितलं होतं.

काल दुपारी कर्नल ग्वेन स्टेनरचा फोन आला तेव्हा तो रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांच्या ड्यूट्यांचं रोस्टर लावत होता. ग्वेन मूळची नर्स, सैन्याच्या राखीव दलाच्या वैद्यकीय पथकाची प्रमुख. तिच्या बोलण्यात प्रस्तावना नसते. "वादळ बातम्यांत बघितलंस ना? बेटावरचं रुग्णालय झोपलंय. शस्त्रक्रियेचं पथक न्यायचंय. सर्जन मिळाले, नर्सा मिळाल्या, भूल द्यायला माणूस नाही." "माझ्याकडे तिघं आहेत," तो म्हणाला. "तुझ्याकडेच तिघं आहेत, हाच तर घोळ आहे," ग्वेन म्हणाली. "बाकीचे सगळे कागदावर. त्यातला एक लंडनला राहतो म्हणे. मला त्याच्या आईने सांगितलं. किती सोडशील?" रॉसने समोरच्या रोस्टरकडे पाहिलं. टोबीने डोंगरात सायकल मारताना मनगट मोडून घेतलं होतं. एक जण बाळंतपणाच्या रजेवर. म्हातारा फर्गस रात्रपाळी करत नाही आणि त्याने करू नये हेच बरं. "एकालाच सोडता येईल," तो म्हणाला. "मग मला उद्या संध्याकाळपर्यंत नाव दे. रुग्णालयात विभागाचा प्रमुख म्हणून कुणाला सोडायचं ते तूच ठरवणार आणि आमचा वरिष्ठ म्हणून कुणाला पाठवायचं तेही तूच ठरवणार. माझा एक फोन वाचला." ती हसली होती, तोही हसला होता. आणि मग त्याला स्वतःच्या कानात रक्त वाजताना ऐकू आलं. टोबी बाद, म्हणजे राहिले दोघं. ब्रायनी आणि तो.

तिघंही त्याच्याच विभागातले होते ही त्याचीच करामत. पंधरा वर्षं तो राखीव दलासाठी डॉक्टर मिळवत होता आणि जे हाताशी होते तेच मिळवत होता. परसात शेगडी पेटवायची, सॉसेजेस टाकायची, बिअर उघडायची आणि, गेली सात वर्षं, बेटावरची गोष्ट सांगायची. ती गोष्ट एवढ्या वेळा सांगून झाली होती की आता तिला कोपरेच उरले नव्हते. बेटावरचा तंबू, बाहेर पाऊस, टेबलावर पोट फाडलेली बाई आणि मध्येच बंद पडलेला जनरेटर. मग सर्जनने विजेरीच्या उजेडात टाके घातले आणि रॉसने हाताने श्वास दिला, फुगा दाबत, सोडत, दाबत, उजाडेपर्यंत. बाहेर बायका देवाची गाणी म्हणत होत्या. लोसालीनी नावाची तिथली नर्स त्याच्या खांद्याशी उभी राहून त्याच तालावर गुणगुणत होती. बाई जगली. इथे गोष्ट संपायची, आणि ऐकणाऱ्याच्या हातातली बिअर कोमट झालेली असायची. त्याआधीचे कित्येक दिवस पथक विजेच्या एका चुकीच्या प्लगपायी हात चोळत बसलं होतं, आणि त्यातले निम्मे दिवस त्याने स्वतः पोट धरून काढले होते, हे तो सांगत नसे. खोटं काहीच नव्हतं. आणि फुग्याचं तर मुळीच नाही. दुसऱ्याचा श्वास आपल्या मुठीत असतो तेव्हा त्याला वजन असतं, हे त्याला त्या रात्री कळलं. इथे यंत्र श्वास देतं. तो पडदा बघतो, रोस्टर लावतो, रजा नाकारतो, बैठकांना बसतो. त्या तंबूत तो जितका शांत होता तितका नंतर कधीच झाला नाही. कुणी विचारलं असतं तर त्याने हे कबूल केलं नसतं. पण त्याला परत जायचं होतं, लहान मुलाला जत्रेत परत जायचं असतं तितक्या उघड हट्टाने जायचं होतं, आणि वयाकडे बघता ही शेवटचीच वेळ होती.

ब्रायनी लेथम अशाच एका संध्याकाळी गळाला लागली होती. तेव्हा ती विभागात नवी होती. गोष्ट संपल्यावर तिने एकच विचारलं होतं, "किती वर्षांत जायला मिळतं?" आणि त्याने बेधडक सांगितलं होतं, "दोन. फार तर." त्याला पाच वर्षं झाली. पाच वर्षांत तिला काय मिळालं? मंगळवारची परेड. धावण्याची चाचणी. आग लागली तर कुठलं नळकांडं उचलायचं याचा संगणकावरचा धडा, दरवर्षी तोच. आणि आपण भूलतज्ज्ञ आहोत हे दरवर्षी कॅनबेरातल्या मुख्यालयाच्या कुठल्या तरी टेबलाला नव्याने पटवून देण्याची कसरत, तीही दिवसभर माणसांना भूल देऊन झाल्यावर. एकदा तिने त्याला परेडनंतर विचारलं होतं, "मी भूल देते यावर यांचा विश्वास कधी बसणार? कुणी येऊन झोपतं का टेबलावर?" तो हसला होता. काल चहाच्या खोलीत तिने विचारलं, "ठरलं का?" त्याने तोंड धुवून घेतल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, "अजून नाही. रोस्टर बघतो." आणि घरी येऊन थेट गॅरेजमध्ये शिडी लावली.

"सर," कुणीतरी म्हणालं.

त्याने मान वर केली. ब्रायनी बेकरीच्या पायरीवर उभी होती. एका हातात स्कॅलपच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, 'पाय'ची कागदी पिशवी, दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा. कुत्रं भुग्याचा वास घेत होतं. रुग्णालयात ती त्याला रॉस म्हणते, तू म्हणते, आणि चुकलास तर तोंडावर सांगते. सर आणि तुम्ही हे फक्त मंगळवारी संध्याकाळी, राखीव दलाच्या डेपोच्या फाटकाच्या आत. आज शनिवार होता.

"बुटांचं काय झालं, सर?"

"तळ गेला."

"दिसतंय. सिग्नलपासून तुमच्या मागोमागच आलो आम्ही." ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पिशवी उघडून तिने एक 'पाय' त्याच्या पुढे धरला. त्याने घेतला, कारण हातांना काहीतरी हवं होतं. "म्हणजे रोस्टर बघून झालं?"

"अजून नाही."

"मग हे बूट व्यायामाला?"

त्याने घास घेतला. आतली करी गरम होती आणि त्याची जीभ भाजली. समोरून एक बाई मुलाची गाडी ढकलत गेली, चाकं भुग्यावरून गेली. ब्रायनी चिडली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. चिडलेल्या माणसाला समजावता येतं, आणि समजावण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती.

"तुला माहीत आहे का," ती पुन्हा 'तू'वर आली, कुत्र्याच्या मानेत बोटं घालत, "हे बूट ठेवून दिले की असेच मरतात. पहिल्याच मंगळवारी सामान देणाऱ्या क्वार्टरमास्टरने सांगितलं होतं. महिन्यातून दोनदा घालून चालायचं. मी चालते. याला घेऊन गॉर्जच्या दरीपर्यंत. लोक बघतात, मला लाज वाटत नाही. गाडीत असतात माझे, मागे, बॅगेसकट. पाच वर्षं."

"ब्रायनी, ऐक—"

"नाही, मी गळ घालत नाहीये. मी या महिन्यात राखीव दल सोडणार होते. ग्वेनला फोन करायचा, एवढंच बाकी होतं. आणि मग वादळ आलं." तिने पिशवीची घडी केली. "तू जा ना. तुला जायचंय. कुणीही सांगेल. फक्त काल चहाच्या वेळी मला तसं सांगायचं होतंस. मी बिस्किट फेकून मारलं असतं आणि विषय संपला असता."

"मी ठरवलं नव्हतं."

"बुटांना सांगून ठेवलं होतंस." ती हसली, पण फार नाही. "तू गेलास की रोस्टर मी करायचं, माहीत आहे ना? आणि रोस्टर मी करायचं असेल तर मी सैन्य पण सोडते आणि गाव पण. चल, घरी सोडते तुला. असा लंगडत गेलास तर उद्या टोबीच्या शेजारची खाट तुझी."

गाडीत मागच्या सीटवर कुत्रं आणि त्याच्यामागे तिची बॅग होती. बॅगेच्या पट्ट्याला बूट टांगले होते. टाचा झिजलेल्या, नाड्यांच्या टोकांना वाळलेला चिखल. वळणावर ते एकमेकांवर आपटायचे. रॉस ते ऐकत राहिला. सोडणार होते, हे शब्द तिने इतक्या सहज टाकले होते की त्यांचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचायला दोन सिग्नल लागले. त्याच्या मनात ती कायम येणाऱ्यांतली होती. तो लोकांना आणायचा, ते यायचे, गोष्ट तिथे संपायची. आलेल्यांचं पुढे काय होतं हे त्याने कधी धरलंच नव्हतं. ते हळूहळू येईनासे होत, फोनवर 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणत, आणि मग कुणाच्या तरी आईकडून कळे की ते लंडनला आहेत. त्यांना तो मनातल्या मनात चिवट नाहीत म्हणायचा. हिच्याइतकं चिवट तर तोही नव्हता. त्याचे बूट गॅरेजमध्ये होते.

दारात बायकोने, रोझलिनने, आधी त्याचे मोजे पाहिले आणि मग हातातले बूट. ती टोमॅटो तोडत होती. "मोज्यांवर आलास?"

"तळ गेला."

"बरं झालं. मला वाटलं कुणी मारून काढून घेतले." तिने आत येऊन टोपली ओट्यावर ठेवली. स्वयंपाकघरात खिडकीशी त्याच्या गोळीची डबी होती आणि सकाळची गोळी तशीच कप्प्यात होती. तिने डबी त्याच्याकडे सरकवली, काही न बोलता, मीठ सरकवावं तशी. मागच्या हिवाळ्यात त्याच्या हृदयाचा ताल अधूनमधून चुकायला लागला होता. फार नाही. रक्त पातळ ठेवणारी एक गोळी, रोज, बस्स. सैन्याच्या वार्षिक तपासणीत एका तरुण डॉक्टर मुलीने त्याच्या छातीवर नळी ठेवली आणि जरा जास्त वेळ ठेवली. त्याने तिला विनोद सांगितला. ती हसली, काहीतरी लिहिलं, आणि पुढे काही आलं नाही. काही आलं नाही म्हणजे ठीक आहे, असं त्याने धरलं. अशी गोळी घेणारा रुग्ण समोर असता आणि म्हणाला असता, डॉक्टर, मी जरा वादळाने मोडलेल्या बेटावर महिनाभर जाऊन येतो, तर रॉसने त्याला खुर्चीत बसवून खडसावलं असतं. स्वतःला त्याने खडसावलं नव्हतं. स्वतःच्या बाबतीत डॉक्टर लोक फार समजूतदार असतात. त्याने गोळी पाण्याबरोबर घेतली.

"मी जावं का?" त्याने विचारलं.

"जा म्हटलं तरी जाशील, नको म्हटलं तरी जाशील. मला कशाला मध्ये घेतोस?" रोझलिनने टोमॅटो नळाखाली धरले. मग पाठमोरीच म्हणाली, "मागच्या वेळी परत आलास तेव्हा महिनाभर माझ्याशी नीट बोलला नव्हतास. मला वाटलं तिथे काही वाईट झालं. मग कळलं की तिथे चांगलं झालं होतं. त्याचा मला जास्त राग आला होता."

हे ती सात वर्षांत पहिल्यांदा बोलत होती. तो मागच्या अंगणात जाऊन बसला, शेगडीजवळ, जिथे तो उभा राहून गोष्ट सांगायचा. ऊन सरकलं. त्याने हिशेब मांडून पाहिला. तो गेला तर ब्रायनी राहील, महिनाभर तिच्या आणि त्याच्या मिळून सगळ्या रात्री काढेल, आणि मग ग्वेनला फोन करेल. ती गेली तर तो राहील. रात्री त्याच्या. अडलेल्या बाळंतिणी त्याच्या. पहाटे यंत्राचा एकसुरी आवाज आणि हिरवा पडदा. ती परत येईल तेव्हा तिच्याकडे स्वतःची गोष्ट असेल, आणि त्याची गोष्ट जुनी होईल. हे शेवटचं त्याला लागलं. इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. त्याने हाताची मूठ उघडली, मिटली, उघडली. तो फुगा त्याच्या मुठीने जपून ठेवला होता, पण मूठ काही फक्त त्याच्याकडेच नव्हती. तिच्या हातांत ती केव्हाची तयार होती. बेशुद्ध माणसाची हनुवटी वर उचलताना तिची बोटं त्याच्यापेक्षा हलकी पडत, हे तो रोज बघत होता. त्याला स्वतःचा राग आला, मग कीव आली, आणि मग नुसतंच वाईट वाटलं. तसंच वाईट वाटत असताना त्याने फोन लावला. बरं वाटायची वाट बघितली असती तर संध्याकाळ उलटली असती.

"बोल," ग्वेन म्हणाली. मागे कुणीतरी खोकी मोजत होतं.

"ब्रायनी लेथम," तो म्हणाला.

फोनवर क्षणभर काहीच आलं नाही, फक्त खोकी. त्या क्षणात त्याला तंबू दिसला, पाऊस ऐकू आला, लोसालीनीच्या गुणगुणण्याचा ताल आला आणि गेला. गेलं, असं तो स्वतःशी म्हणाला.

"छान," ग्वेन म्हणाली, आणि तिने श्वास सोडला तो त्याला ऐकू आला. "खरं सांगू? तू स्वतःचं नाव देशील या धास्तीने मी सकाळपासून फोन टाळत होते. तुला नेता आलं नसतं, रॉस. हिवाळ्यातल्या तपासणीत तुला बाहेर जायला बाद केलंय. ती गोळी. तिथे तुला कुठे आपटलं आणि रक्त थांबेना झालं तर तुझ्यासाठी आणखी एक पथक पाठवावं लागेल."

"मला कुणी कळवलं नाही."

"कळवायला हवं होतं. माझंच चुकलं. धीर झाला नाही. आणि तूही विचारलं नाहीस."

हे खरं होतं. "मग मी यादीत कसा?"

"तुझं नाव काढलं की भूलतज्ज्ञांचा आकडा खाली येतो. आकडा खाली आला की वरून विचारणा सुरू होते. शिवाय नवीन पोरं आणतो कोण? तूच ना?" खोकी मोजणारा मध्येच चुकला आणि पहिल्यापासून मोजू लागला. "पुढच्या महिन्यात होबार्टला दोघी डॉक्टर आहेत, बोलायला तयार आहेत. येशील? तुझी ती तंबूची गोष्ट सांग."

"बघतो," रॉस म्हणाला, आणि फोन ठेवला. मग त्याला हसू आलं. ते हसू फार काळ टिकलं नाही आणि टिकेपर्यंत चांगलं होतं असंही नाही. दिवसभर तो ज्या दारात अडून बसला होता ते दार हिवाळ्यापासून बंद होतं. घरात जाऊन त्याने दोन्ही बूट कचऱ्याच्या डब्यात टाकले. रोझलिनने आवाज ऐकला. "नवे मागवायचे?" तिने विचारलं. "नको," तो म्हणाला. तिने टोमॅटो चिरणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं आणि मग दुसरी ताटली काढली.

रविवारी सकाळी त्याने ब्रायनीला विमानतळावर सोडलं. कुत्रं त्याच्याकडेच राहणार होतं. ती गणवेशात होती. टोपी जरा जास्तच मागे सरकलेली, बॅग एका खांद्यावर. दाराशी तिने रुग्णालयाचा फोन काढून त्याच्या हातात दिला. तिच्या ड्यूटीचा. त्याचा त्याच्या खिशात होताच.

"फर्गसला रात्री बोलवू नकोस," ती म्हणाली. "आणि टोबीला सांग, सायकल विक."

"सांगतो. तिथे प्लग तपासून ने. इथूनच. दोन्ही जातींचे. गोष्टीत ते नव्हतं, पण प्लगनेच सगळं अडतं. आणि पोटाची औषधं भरपूर घे."

"हे मला पाच वर्षांपूर्वी सांगायचं होतंस."

"तेव्हा तू आली नसतीस."

"आले असते," ती म्हणाली. मग जराशी थांबली. "ग्वेन म्हणाली, तू माझंच नाव दिलंस. लगेच. तिला विचारावंही लागलं नाही. रॉस, तुला जायचं होतं. माझ्यासाठी राहिलास ना?"

त्याने तोंड उघडलं. गोळी, तपासणी, यादीतला आकडा, सगळं जिभेवर होतं आणि सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मग त्याला फोनवरचा तो क्षण आठवला. नाव घेतल्यानंतरचा आणि ग्वेन बोलायच्या आधीचा. फार मोठा नव्हता. पण तेवढ्या वेळापुरतं ते बेट त्याचं होतं आणि त्याने ते देऊन टाकलं होतं. पुढे जे कळलं ते पुढे कळलं.

"हो," तो म्हणाला.

ती मान हलवून मागे सरली, टाचा जुळवल्या आणि चक्क सलाम ठोकला. तो टी-शर्टात होता, डोक्यावर टोपी नव्हती. अशा माणसाला सलाम करत नाहीत आणि त्याने तो परतही करायचा नसतो. पाच वर्षांच्या मंगळवारांनंतरही हिला ते कळलं नव्हतं. सैन्यातल्या डॉक्टरांना ते कधीच कळत नाही. तो नुसता ताठ उभा राहिला, एका हातात कुत्र्याचा पट्टा आणि दुसऱ्यात तिचा फोन घेऊन, ती काचेच्या दारातून आत जाऊन दिसेनाशी होईपर्यंत. तिच्या टाचा झिजलेल्या होत्या, पण तळ शाबूत होते. तो गाडीचं दार उघडत होता तेव्हा हातातला फोन वाजला. कुत्र्याने कान टवकारले.

"पेडर," तो म्हणाला. "नाही, ब्रायनी नाही. ती गेली. आजपासून मी. सांगा."